सी. पी. बेरार (चित्रपट वितरण क्षेत्र)

सी. पी. बेरार हे हिंदी चित्रपटव्यवसायातील एक वितरण क्षेत्र आहे. व्यवसायात अशा क्षेत्राला ‘सर्किट’ म्हणतात. विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा जबलपूरकडचा भाग या सर्किटमध्ये मोडतो. नागपूर हे त्यातले सर्वांत मोठे शहर. एखाद्या मोठ्या चित्रपटाने देशभरात इतके कोटी कमावले अशी बातमी येते, तेव्हा तो आकडा मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम (जुना निजामी मुलूख), राजस्थान, सी. आय. (सेंट्रल इंडिया, म्हणजे इंदूर-भोपाळकडचा भाग), सी. पी. बेरार अशा सर्किटांची बेरीज असतो. बेरजेत चित्रपट हिट ठरला आणि एखाद्या सर्किटच्या वितरकाला मात्र घाटा आला, असे पुष्कळदा घडत आले आहे. म्हणूनच ‘पिक्चर चालला का’ असे विचारले की जाणकार वितरक आधी ‘कुठे, आणि किती पैशांत घेतला होता’ हे विचारतो.

नकाशा

सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत; बेरार म्हणजे वऱ्हाड. इंग्रजांनी निजामाकडून १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. १९३६ पासून या प्रांताचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ झाले. राजधानी नागपूर होती. बोलपटांचा व्यवसाय १९३१ नंतर आकाराला आला तेव्हा हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचा हा प्रांत अस्तित्वात होता, आणि वितरणाचे हक्क विकताना त्याचीच हद्द सोयीची ठरली. पुढे १९५० मध्ये प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि २००० मध्ये छत्तीसगड वेगळे निघाले. करारनाम्यांवर मात्र सी. पी. बेरार हेच नाव राहिले. जो प्रांत आज शाळेच्या नकाशातही सापडत नाही, तो दर शुक्रवारी चित्रपटाच्या हिशेबात जिवंत असतो.

सर्किटचे व्यापारी ठाणे नागपूर नव्हते, ही बाहेरच्यांना नवलाची वाटणारी गोष्ट. वितरकांच्या पेढ्या प्रामुख्याने अमरावतीत वाढल्या, आणि सी. पी. बेरार, सी. आय. व राजस्थान या क्षेत्रांतील वितरक-प्रदर्शकांच्या ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’चे मुख्यालय भुसावळला आहे. भुसावळला मुंबईकडून येणारा लोहमार्ग फुटतो. एक फाटा अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर आणि पुढे रायपूरकडे जातो, दुसरा खांडवा-इटारसीमार्गे जबलपूरकडे. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने फिरत होत्या त्या काळात अशा जंक्शनचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रिंट मोजक्याच असत. नागपूर-रायपूरसारख्या शहरांत चित्रपट लागून उतरला की त्याच पेट्या तालुक्याच्या गावी आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोचत. रीळ घासून घासून पाऊस पडल्यासारखे दिसू लागलेले असे. तरी पब्लिक येई. आता चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवरून येतो, आणि वणीला व मुंबईला तो एकाच सकाळी लागतो. त्यामुळे कमाईचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर, खरे तर पहिल्या तीन दिवसांवर आला आहे. २५ आठवड्यांची रौप्यमहोत्सवी पाटी टॉकीजवर लागणे आता जवळजवळ संपले.

पैसा कसा फिरतो

खिडकीवर आणि ऑनलाइन विकलेल्या तिकिटांची एकूण रक्कम म्हणजे ग्रॉस. त्यातून जीएसटी वजा केला की नेट. नेटमधून चित्रपटगृहाचा वाटा गेल्यावर वितरकाकडे येतो तो शेअर. ऑनलाइन बुकिंगवरचे सुविधा शुल्क यांत कुठेच धरत नाहीत. २३६ रुपयांचे तिकीट घेतले तर १८ टक्के दराने ३६ रुपये कराचे, २०० रुपये नेट. मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते-वितरक यांच्यात २००९ मध्ये मोठा संप झाला. एप्रिलपासून जवळपास दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे मोठे हिंदी चित्रपट मिळाले नाहीत. त्यातून जे सूत्र ठरले त्यात वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. म्हणजे त्याच २०० रुपयांतून पहिल्या आठवड्यात वितरकाला १०० मिळतात, तर चौथ्यात ६०. सगळी धडपड पहिल्या आठवड्यात प्रेक्षक ओढण्याची का असते, याचे उत्तर या टक्केवारीत आहे. एकपडदा टॉकीजचे व्यवहार निराळे असतात. कुठे ठरीव भाडे, कुठे टक्केवारी, आणि बरेच काही मालक व वितरक यांच्या जुन्या संबंधांवर.

वितरक चित्रपट घेतो त्याच्या पद्धती मुख्यतः तीन. मिनिमम गॅरंटी, म्हणजे बोलीभाषेत ‘एमजी’, यात तो निर्मात्याला ठरलेली रक्कम देतो आणि जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. ॲडव्हान्समध्ये रक्कम देतो खरी, पण वसूल न झालेला भाग परत मागू शकतो. कमिशनवर घेतला तर जोखीम निर्मात्याचीच. समजा सी. पी. बेरारचे हक्क कोणी ५ कोटींना एमजीवर घेतले आणि जाहिरात वगैरे खर्च ५० लाख आला. त्याला साडेपाच कोटी शेअर जमल्याशिवाय स्वतःचा रुपया दिसत नाही, आणि साडेपाच कोटी शेअरसाठी सर्किटमध्ये नेट ११ कोटींच्या बराच वर जावा लागतो. ते जमून वर त्याचे कमिशनही निघाले की पुढच्या रकमेला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात, आणि ती निर्माता व वितरक वाटून घेतात. हिट, सुपरहिट, फ्लॉप हे शिक्के मुळात या हिशेबाचे होते. महागात घेतलेला मोठ्या नटाचा चित्रपट १० कोटी नेट करूनही इथे पडतो, आणि स्वस्तात मिळालेला चार कोटींत तरतो. शंभर कोटी, पाचशे कोटी हे क्लब नंतरचे. ते खर्च विचारत नाहीत.

नागपूर

नागपूरकर चित्रपटगृहाला टॉकीज म्हणतो आणि पत्ते टॉकीजवरून सांगतो. सीताबर्डीचा व्हेरायटी चौक, सदरचा लिबर्टी, अलंकार चौक, पंचशील चौक ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडी असतात, पिक्चर लागो न लागो. महालापासून सदरपर्यंत पसरलेल्या एकपडदा टॉकीजपैकी अनेक आता बंद आहेत. त्यांची जागा मल्टिप्लेक्सनी घेतली. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जमिनीवर आता मॉल आहे, आणि ज्या आवारात कापड विणले जाई तिथे पॉपकॉर्नचे टब विकले जातात.

शहराचे हवामान गल्ल्यावर परिणाम करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बाहेर पडणे नको होते. पूर्वी कूलर लावलेली टॉकीज आणि आता वातानुकूलित पडदा हे तीन तास गारव्यात काढायचे ठिकाण. शाळांना सुट्या असतात, त्यामुळे मॅटिनी भरतो. बाकी विदर्भाचे वेळापत्रक शेतीचे आहे. जूनमध्ये पेरणी आली की तालुक्याचे टॉकीज ओस, आणि दिवाळीच्या आसपास सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की तिथलीच बाल्कनी भरते. मोठे चित्रपट दिवाळी पकडतात त्याला आणखीही कारणे आहेत, पण यवतमाळ-वाशीमच्या टॉकीजमालकाला हे एक पुरते.

चित्रपट कसा उचलला जातो याचे दोन नमुने इथे नोंदवण्यासारखे आहेत. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी, प्रदर्शित झाला. सोमवारनंतर बहुतेक चित्रपटांचा आलेख खाली येतो. या चित्रपटाची मधल्या वारी, बुधवारी १९ तारखेला कमाई मंगळवारपेक्षा वाढली, कारण त्या दिवशी शिवजयंतीची सुटी होती. महाराष्ट्राबाहेरच्या कोणाला तो बुधवार कोड्यात टाकणारा वाटला असेल. दुसरा नमुना ‘द काश्मीर फाइल्स’चा. ११ मार्च २०२२ ला तो मोजक्या पडद्यांवर आला. देशभरात पहिल्या दिवशी साडेतीन कोटींच्या आसपास असलेला नेट रविवारी १५ कोटींपर्यंत गेला, आणि पडदे व खेळ धडाधड वाढवले गेले. हे वाढवलेले खेळ कोणाच्या तरी वाट्यातून जातात. आधीच्याच शुक्रवारी ‘झुंड’ लागला होता. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला, नागपुरातच चित्रित झालेला आणि नागपूरच्या वस्त्यांतली पोरे पडद्यावर आणणारा हा चित्रपट. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कारही मिळाला. कौतुक भरपूर झाले, गल्ला बेताचाच जमला. गावचा चित्रपट म्हणून गावाने डोक्यावर घेतला असता तरी सर्किटचे गणित त्याने पालटले नसते, हे मात्र खरे.

दक्षिणेच्या डब चित्रपटांनी या सर्किटमध्ये पाय रोवले आहेत. नागपूरची बाजारभाषा हिंदी आहे, रायपूर-जबलपूरची तर आहेच. त्यामुळे ५ डिसेंबर २०२४ ला आलेल्या ‘पुष्पा २’ला इथे भाषेची अडचण पडायचे कारण नव्हते. त्या चित्रपटाच्या एकट्या हिंदी आवृत्तीने देशात ८०० कोटींवर नेट केला, मूळ तेलुगूपेक्षा कितीतरी जास्त.

एक सर्किट, तीन सरकारे

वितरक एक असला तरी त्याला तीन राज्यांचे कायदे आणि आदेश सांभाळावे लागतात. ‘पद्मावत’च्या वेळी, जानेवारी २०१८ मध्ये, राजपूत संघटनांच्या विरोधामुळे मध्य प्रदेश सरकारने बंदी जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारीला बंदीला स्थगिती दिली, तरी २५ तारखेला तिथल्या प्रदर्शकांनी तोडफोडीच्या भीतीने चित्रपट लावला नाही. नागपुरात तो लागला. म्हणजे हक्क अख्ख्या सर्किटचे घेतले आणि जबलपूरकडचा भाग पहिल्या दिवशी शून्य. १९ ऑगस्ट २०२१ ला ‘बेल बॉटम’ आला तेव्हा नेमके उलटे झाले. करोनामुळे महाराष्ट्रातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरपर्यंत बंदच होती, आणि या खेपेला विदर्भ कोरा राहिला.

कराचेही तसेच होते. जीएसटीपूर्वी करमणूक कर राज्यागणिक वेगळा असे आणि महाराष्ट्रात तो ४५ टक्क्यांपर्यंत जाई, त्यामुळे सारख्याच ग्रॉसमधून नागपूर आणि रायपूरचा नेट वेगळा निघे. १ जुलै २०१७ पासून देशभर एक दर आला. १०० रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के, १०० पर्यंत १८. जानेवारी २०१९ पासून ते १८ आणि १२ झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्केच कर आहे. हा शेवटचा बदल मल्टिप्लेक्सला फारसा लागत नाही. तालुक्याच्या टॉकीजला लागतो.

मराठी आणि छत्तीसगढी

‘विदर्भात मराठी पिक्चर चालत नाही’ हे वाक्य निर्मात्यांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, पण कारण प्रेक्षकाच्या माथी मारणे सोपे असते. मराठी चित्रपटाचा व्यवसाय मुंबई-पुण्याकडून चालतो, जाहिरात तिकडे होते, नाट्य-चित्रपटांचे तारे तिकडेच भेटायला जातात, आणि नागपूरला खेळ मिळतो तो आडवेळेचा. वितरणाच्या दृष्टीने विदर्भ मुंबई सर्किटबाहेर, हेही विसरू नये. चार पडद्यांवर, दुपारी साडेबाराला लावलेला चित्रपट पडला तर त्यातून प्रेक्षकाच्या आवडीचा पुरावा मिळत नाही. २९ एप्रिल २०१६ ला आलेला ‘सैराट’ जगभरात १०० कोटींवर ग्रॉस करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, आणि विदर्भातल्या टॉकीजनीही त्याला गर्दी पाहिली. त्यावेळी मराठी चित्रपटांना महाराष्ट्रात करमणूक कर नव्हता. जीएसटी आल्यावर ती सवलत आपोआप संपली, आणि हिंदी व मराठी तिकीट कराच्या बाबतीत एकाच रांगेत आले.

सर्किटच्या पूर्वेकडे वेगळाच व्यवसाय उभा राहिला आहे. २००० मध्ये, छत्तीसगड राज्य स्थापन होण्याच्या काही दिवस आधी, सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’ हा छत्तीसगढी चित्रपट आला आणि जोरात चालला. तेव्हापासून रायपूर-बिलासपूरकडे छत्तीसगढी चित्रपट हिंदीच्या शेजारी स्वतःचे पडदे मिळवतात. नागपूरला ते क्वचितच येतात.

आकड्यांची खातरजमा

भारतात बॉक्स ऑफिसच्या आकड्यांची अधिकृत तपासणी करणारी संस्था नाही. मल्टिप्लेक्सची विक्री संगणकावर नोंदली जाते, एकपडद्याची रोजची रक्कम दैनिक अहवालातून वितरकाकडे जाते, आणि त्यावरून निर्माते, व्यापारी पत्रकार व संकेतस्थळे आपापला अंदाज मांडतात. निर्मात्याचा आकडा बहुधा ग्रॉस असतो आणि त्यात परदेशही मिळवलेला असतो, व्यापाऱ्यांचा नेट. एकाच चित्रपटाचे दोन आकडे वाचून भांडणाऱ्यांपैकी निम्मे लोक या फरकावरच भांडत असतात. घाऊक तिकिटे विकत घेऊन पहिला दिवस फुगवल्याचे आरोपही मोठ्या चित्रपटांवर होतात. सर्किटचा वितरक अशा आकड्यांकडे फार पाहत नाही. त्याच्या वहीत गुरुवारी रात्री आठवड्याचा शेअर लिहिला जातो, आणि पुढच्या चित्रपटाला किती बोली लावायची ते त्यावरून ठरते.