प्लॅस्टिक सिमेंट आणि सुपरग्लू: पहिलं सैन्य जोडताना कुठे काय लावायचं

टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांची पेटी उघडली की आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. या चौकटींना स्प्रू म्हणतात. धड, हात, डोकी, शस्त्रं सगळं त्यांनाच लगडलेलं असतं. दहा शिपायांची एक तुकडी आणि प्रत्येकाचे पाच-सहा भाग धरले, तर पन्नास-साठ सुटे तुकडे होतात. ते जोडायचा गोंद पेटीत बहुधा नसतोच. मग घरातली सुपरग्लूची ट्यूब हाताशी येते, नाहीतर ‘प्लॅस्टिकचा गोंद’ म्हणून प्लॅस्टिक सिमेंटची बाटली विकत आणली जाते. दोन्ही पारदर्शक, दोन्ही थेंबाथेंबाने लावायचे, म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं वाटतं. पण दोन्हींचं काम करण्याचं तत्त्वच वेगळं आहे. ते एकदा कळलं की पुढचं काही पाठ करावं लागत नाही.

प्लॅस्टिक सिमेंट हा खरं तर गोंद नव्हे, द्रावक आहे. पॉलिस्टायरीनला, म्हणजे या चौकटींच्या कडक प्लॅस्टिकला, तो लागला की पृष्ठभाग विरघळून मऊ होतो. असे दोन मऊ पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि मागे सलग प्लॅस्टिक उरतं. सांध्यात गोंदाचा असा थर राहतच नाही. हे एक प्रकारचं वेल्डिंगच. सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, प्लॅस्टिकला असं वितळवून एकजीव करत नाही. पृष्ठभागावरच्या आणि हवेतल्या ओलाव्याने तो स्वतः घट्ट होतो आणि दोन वस्तूंच्या मध्ये एक पातळ, कडक थर बनतो. हे रसायन १९४२ साली हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना सापडलं होतं. जिथे लागेल तिथे चिकटतं म्हणून तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं आणि गोंद म्हणून बाजारात यायला १९५८ उजाडलं. ज्या गुणामुळे ते नाकारलं गेलं, तोच गुण आज आपल्या कामाचा आहे.

आधी हातातली वस्तू ओळखा

सिमेंट पॉलिस्टायरीनसारख्या, त्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकवरच चालतं, म्हणून पहिला प्रश्न गोंदाचा नसून सैनिक कशाचा बनलाय हा आहे. वॉरहॅमर या युद्धखेळाचे बहुतेक प्लॅस्टिक संच, तसेच पेरी आणि व्हिक्ट्रिक्स या कंपन्यांचे २८ मिमी मापाचे ऐतिहासिक संच कडक पॉलिस्टायरीनचे असतात. तेच खेळ, तेच नियम, पण एखादा सेनापती रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेसारख्या पदार्थाचा) किंवा कथिलाच्या मिश्रधातूचा निघतो, आणि नवख्यांची पहिली फसगत तिथेच होते. धातू वजनावरून लगेच कळतो. रेझिन घासलं की पांढरी भुकटी पडते आणि पातळ भाग वाकण्याआधी तुटतो. तलवार रबरासारखी वाकून परत सरळ होत असेल तर तो बहुधा पीव्हीसी. पॉलिस्टायरीनचा तुकडा टेबलावर टाकला तर टणक ‘टक्’ असा आवाज येतो.

तरीही शंका असेल तर भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला सिमेंटचा बारीक थेंब ठेवा. अर्ध्या मिनिटात ती जागा ओलसर चकाकली आणि टाचणीचं टोक टेकवल्यावर किंचित खळगा पडला, तर ते बहुधा पॉलिस्टायरीन. थेंब नुसता वाळून गेला आणि खाली काहीच बदल नाही, तर सिमेंटची बाटली बंद करून सुपरग्लू घ्या. धातू, रेझिन, पीव्हीसी, त्रिमितीय प्रिंटरवर काढलेले रेझिनचे सैनिक, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस, म्हणजे सैनिकांच्या पायाखालच्या चकत्या, चुंबक ही सगळी सुपरग्लूची कामं.

सिमेंटने जोडताना

निप्परने (कापायच्या छोट्या पकडीने) भाग स्प्रूपासून अगदी लागून कापू नका. १-२ मिमीचा खुंट ठेवा आणि तो नंतर चाकूने पातळ पापुद्र्यांनी काढा. एकदम कापला तर प्लॅस्टिक पांढरं पडून खड्डा होतो. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली बारीक उभी रेघ चाकूची पाठ ओढून खरवडा. मग गोंद न लावता भाग जुळवून पाहा. सिमेंटला दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक एकमेकांना खरोखर टेकलेलं लागतं. मध्ये फट असेल तर विरघळायला तिथे काहीच नसतं, आणि कितीही सिमेंट ओतलं तरी फट भरत नाही.

सिमेंट दोन तऱ्हेचं मिळतं. दाट सिमेंट सुईच्या नळीतून येतं. ते एका बाजूला लावून भाग दाबायचा. नळी चोंदते, म्हणून जवळ बारीक तार ठेवा. सुई ज्योतीवर तापवून मोकळी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण द्रावक पेट घेणारा असतो, त्यामुळे तारच बरी. दुसरं अगदी पातळ सिमेंट, झाकणात ब्रश असलेलं. यात क्रम उलटा: भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त सांध्याच्या रेघेला टेकवायचं. द्रव केशाकर्षणाने आपोआप रेघभर धावतो. धडाचे दोन अर्धे जोडायला याच्यासारखं सुख नाही. मात्र त्या रेघेवर बोट असेल तर द्रव बोटाखालीही तितक्याच सहज शिरतो, आणि बोट उचललं की सैनिकाच्या पाठीवर ठसा कायमचा उमटलेला असतो. म्हणून धरताना बोटं रेघेपासून दूर.

भाग १५-२० सेकंद दाबून धरला की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक बारीक उंचवटा बाहेर येतो. तो ओला असताना पुसायला जाऊ नका, पुसलं की आजूबाजूचे बारकावे फासले जातात. दुसऱ्या दिवशी तो कडक झाल्यावर चाकूने खरवडला की सांधा जवळपास नाहीसा होतो. तिथे आता गोंद नाहीच, प्लॅस्टिकच आहे. रंगवलेल्या सैनिकाच्या खांद्यावर किंवा शिरस्त्राणावर रेघ नको असेल, तर एवढ्या एका गोष्टीसाठीही सिमेंटच घ्यावं.

सिमेंटचा दुसरा गुण वेळ देण्याचा. सैनिकाचा हात चिकटवल्यावर तो मिनिटभर सरकवता येतो. दोन्ही हातांनी धरलेली बंदूक बसवताना हे फार लागतं: दोन्ही हात आणि बंदूक ओल्या सांध्यांवरच एकमेकांना जुळवायची, मग सोडायचं. सुपरग्लूने पहिला हात दोन अंश चुकला की बंदूक दुसऱ्या मुठीत बसतच नाही.

जास्त सिमेंट मात्र घातक. पोकळ धडात थेंब साचला की द्रावकाला बाहेर पडायला वाट राहत नाही, आतून भिंत मऊ राहते आणि पुढे तिथे खळगा दिसतो. रंगाचा पहिला थर, म्हणजे प्रायमर, देण्याआधी जोडलेली तुकडी एक दिवस मोकळ्या हवेत राहू द्या.

सुपरग्लूने जोडताना

इथे उलट नियम: जितका कमी, तितका लवकर आणि तितका घट्ट. ओलावा पृष्ठभागाकडून मिळतो, त्यामुळे जाड थेंबाचा मधला भाग बराच वेळ द्रवच राहतो. धरून हात दुखले तरी चिकटत नाही म्हणून अजून एक थेंब टाकला जातो आणि परिस्थिती आणखी बिघडते. थेंब पुठ्ठ्यावर काढा, टाचणीने उचला आणि सांध्यावर एक ठिपका ठेवा. खडबडीत धातूसाठी जेल प्रकार घ्या, तो ओघळत नाही.

धातूचे आणि रेझिनचे भाग जोडण्याआधी कोमट साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने धुवून पूर्ण वाळवा. साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर राहिला तर गोंद त्या थरालाच चिकटतो. रेझिन घासायचं असेल तर ओलं घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांत जाऊ नये.

सुपरग्लूचा थर ओढ सोसतो, पण धक्क्याला आणि पिळाला ठिसूळ असतो. धातूचा जड पंख नुसत्या ठिपक्यावर ठेवला तर पहिल्या धक्क्यात तुटतो. तिथे पिन घाला: १ मिमीचं भोक दोन्ही बाजूंना ५-६ मिमी खोल, त्यात पितळी तार किंवा पेपरक्लिपचा तुकडा, आणि मग गोंद. भार तार घेते, गोंद फक्त जागेवर धरतो.

चुंबकासाठीही हाच गोंद, कारण सिमेंटला धातूत विरघळवायला काही सापडत नाही. शस्त्रं बदलता यावीत म्हणून खांद्यात ३×१ मिमीची चुंबकं बसवतात. गोंद लावण्याआधी कोणती बाजू कोणाला ओढते हे पाहून पेनने खूण करा. एक उलटं बसलं की तो हात खांद्यापासून दूर ढकलला जातो, आणि वाळलेलं चुंबक उकरताना खांदाही जातो.

घट्ट होताना सुपरग्लूची वाफ जवळच्या पृष्ठभागावर पांढरट धुक्यासारखी बसते. पारदर्शक काच किंवा व्हायझर त्याने कायमचं दुधाळ होतं. तिथे दोन्ही नकोत. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद वापरा, तो वाळून पारदर्शक होतो. सांध्याबाहेर आलेला सुपरग्लू वाळल्यावर पॉलिस्टायरीनपेक्षा कडक असतो, त्यामुळे घासताना प्लॅस्टिक आधी झिजतं आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो.

चुकलं तर

सुपरग्लूचा सांधा सोडवता येतो. धातूचा सैनिक काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की थर आणखी ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सुटतो. सिमेंटचा सांधा असा सुटत नाही, करवतीने कापावाच लागतो. अ‍ॅसिटोन सुपरग्लू विरघळवतं हे खरं, पण ते पॉलिस्टायरीनही विरघळवतं, त्यामुळे प्लॅस्टिकच्या सैनिकाजवळ ती बाटली आणूच नका. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू लोळवून सोडवा. सुती किंवा लोकरीच्या कपड्यावर सुपरग्लू सांडला तर तो जोरात तापतो आणि भाजू शकतं, तेव्हा मांडीवर ठेवून काम करू नका. डोळ्याजवळ उडाला तर थेट डॉक्टर. दोन्ही वापरताना खिडकी उघडी हवी.

आधी रंगवून मग जोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिमेंट रंगाखालच्या प्लॅस्टिकपर्यंत पोचलं तरच धरतं, म्हणून ढाल किंवा डोकं वेगळं रंगवणार असाल तर सांध्याच्या जागी रंगाआधी चिकटपट्टी लावा, नाहीतर नंतर तेवढी जागा खरवडा. सुपरग्लू रंगावर चिकटतो, पण मग सगळा भार रंगाच्या पापुद्र्यावर येतो आणि ढाल रंगासकट सुटून येते.

प्लॅस्टिकचं सैन्य उभं करणार असाल तर पातळ सिमेंटची एक बाटली कित्येक तुकड्यांना पुरते, ती आधी घ्या. सुपरग्लू मोठ्या बाटलीत घेऊ नका; उघडला की हवेतला ओलावा आत शिरतो आणि दाट होत जातो, म्हणून १-३ ग्रॅमच्या छोट्या ट्यूब बऱ्या. न उघडलेल्या ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर गार नळीच्या टोकावर जमलेलं दव गोंद तिथेच गोठवतं.