पॉमेरियनला उन्हाळ्यात भादरायचं का?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांना टेकला, की गल्लीतला एखादा पॉमेरियन ओळखू येईनासा होतो. मालकाने मशीन फिरवून त्याला पार तासून आणलेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "त्याले गरम व्हस ना!" मायेपोटीच करतात सगळे. पण यातलं गणित उलटं आहे, आणि खानदेशात तर ते जास्तच उलटं पडतं.

पॉमेरियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. खाली आखूड, मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, ताठ केस. या दोन्हींत हवा अडकून राहते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. निरोगी कुत्र्याचं शरीर साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसवर असतं. बाहेर ३० अंश असतील तर उष्णता अंगातून बाहेर जाते आणि केस तिला थोडं अडवतात, हे खरं. पण बाहेर ४४ असतील तर हवा कुत्र्यापेक्षा गरम झालेली असते. आता उष्णता बाहेरून आत शिरायला बघते, आणि केसांचा थर आता तिला अडवतो. वरून ऊन थेट कातडीवर न पडता केसांच्या टोकांवर पडतं, हा आणखी फायदा. भादरलेल्या गोऱ्या कातडीला मात्र ऊन सरळ भाजतं.

रात्री पारा उतरल्यावर हाच थर थोडा आड येतो. त्यावर उपाय म्हणजे कंगवा. सुटलेली, मेलेली लव दर दोन-तीन दिवसांनी मुळापासून विंचरून काढली, जटा होऊ दिल्या नाहीत, की केसांतून हवा खेळते. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कात्रीने थोडे कमी केले तर चालतं. दुपारी शहाबादी फरशीवर पोट टेकून पसरायला बरं पडतं. पाठ मात्र सोडून द्या. या जातीत केसांची मुळं दीर्घकाळ विश्रांतीत असतात, त्यामुळे तासलेले केस परत यायला कित्येक महिने लागू शकतात. कधी ते विरळ येतात, कधी चट्टे राहतात. केस न कापताच अंगावर टक्कल पडत असेल आणि कातडी काळी होत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, पशुवैद्याला दाखवा.

इतके केस या जातीला आले ते थंड मुलखातून. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. पॉमेरियनचे पूर्वज उत्तरेकडचे स्पिट्झ कुळातले, आजच्याहून बरेच मोठे कुत्रे. १८८८ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून 'मार्को' नावाचा लहानखुरा पॉमेरियन आणला आणि लहान कुत्र्यांची हौस पसरली. पैदासकारांनी आकार आणखी उतरवत नेला. आज प्रमाणित पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोचा भरतो. आपल्याकडे धुळ्या-जळगावच्या अंगणांत 'पॉमेरियन' म्हणून जो पांढराशुभ्र, सहा-सात किलोचा किंवा त्याहून मोठा गडी भुंकत असतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. दोघं एकाच कुळातले. इंडियन स्पिट्झ इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. घ्यायचाच असेल तर मी इंडियन स्पिट्झकडे बोट दाखवीन.

लहान आकाराची जनुकीय कथा मोठी गमतीची आहे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की लहान जातींमध्ये वाढीशी संबंधित 'आयजीएफ-१' या जनुकाचं एक विशिष्ट रूप आढळतं. हे माणसाने केलेल्या निवडीतून अलीकडे आलं असावं, असं वाटत होतं. मग २०२२ मध्ये सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या डीएनएत लहान आकाराशी जोडलेला, याच जनुकाशी निगडित बदल सापडला. म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीपासून तो निसर्गात होता. आपण फक्त निवडून निवडून तो पुढे आणला.

आता मूळ प्रश्नाकडे. केस अडवतात तेवढं अडवतात, पण अंगात साचलेली उष्णता बाहेर टाकायची कशी? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो येतो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. खरं काम धापेचं. धापताना कुत्रा बहुतांशी नाकाने हवा आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो, हे १९७० च्या एका प्रयोगात मोजून दाखवलं गेलं. नाकातल्या ओल्या पडद्यांवरून आणि जिभेवरून पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. अगदी आपल्या खिडकीतल्या कूलरसारखं.

आणि कूलरची जी खोड, तीच धापेची. मे महिन्यात खानदेशात दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेला ओला पंचा बघता बघता वाळतो. अशा हवेत कूलरही चालतो आणि धापही चालते, फक्त पाणी भरपूर हवं. जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस पडून उघडीप मिळाली, की कूलर नुसती चिकचिक करतो. तेव्हा पारा ३७-३८ वर आलेला असतो म्हणून आपण निर्धास्त होतो, पण दमट हवेत वाफ होत नसल्याने कुत्र्याची धाप निकामी होऊ लागते. तो जोरात धापतो, त्या श्रमाने स्नायू आणखी उष्णता तयार करतात. माझ्या मते मेच्या दुपारइतकंच या दिवसांतही जपायला हवं. बंद खोलीत कूलर लावून कुत्र्याला कोंडणं हेही दमटपणाच वाढवणं आहे. समोरची खिडकी उघडी हवी. बंद मोटारीत तर पाच मिनिटंही नको, काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. आणि फिरवायचं ते सूर्य वर येण्याआधी, कारण या बुटक्याचं पोट तापलेल्या डांबरापासून वीतभरच वर असतं.

जीभ गडद लाल, लाळ घट्ट, पाय लटपटणं, उलटी, डोळे शून्यात लागणं ही उष्माघाताची लक्षणं. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा सुरू होते. आधी गार करा, मग दवाखाना गाठा. सावलीत घेऊन नळाचं साधं पाणी कातडीपर्यंत मुरेल असं ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. थोड्या वेळात तोच गरम होतो आणि वाफ अडवतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

इथे आपल्याकडचा एक घरगुती उपाय घात करतो. ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तळपायाला चोळतो, जेवताना फोडून खातो. कुत्र्याला यातलं काहीही करू नका. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन खराब करतात, पेशी फुटतात आणि रक्त घटतं. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा धोक्याचा समजतात. तीन किलोच्या पॉमेरियनला १५ ग्रॅम, म्हणजे कांद्याची एक मोठी फोड. शिजवून, तळून हा दोष जात नाही.

भाकरीची मात्र काळजी नको. लांडग्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या स्वादुपिंडातल्या विकराच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात. बहुतेक कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त, हे २०१३ मध्ये दिसून आलं. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर राहण्याची ही तयारी आहे. कळण्याच्या भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं, चिकन, रावेरच्या केळ्याची एखादी चकती असं चालतं. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका, प्रथिनं कमी पडतात. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, कारण एवढ्याशा जिवाची साखर पटकन उतरते.

बाकी दुखणी आकाराची आहेत. श्वासनळीच्या कड्या नाजूक, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा. गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड, म्हणून पलंगावरून उड्या नकोत. इवल्या जबड्यात ४२ दातांची दाटी, म्हणून ब्रश. गोचीड रोज बघायची, आणि रेबीजची लस चुकवायची नाही.

थंडीत शेतावर भरीत पार्टी असते, तेव्हा कुत्रा पंगतीतून फिरतोच. भरतात कांद्याची पात आणि लसूण दोन्ही असतात, आणि लाडाने प्रत्येक जण एकेक घास टाकतो. खाल्लंच असेल तर लगेच पशुवैद्याला फोन करा. परिणाम बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतो. हिरड्या फिकट पडल्या, लघवी लालसर-तपकिरी झाली किंवा कुत्रा जिन्यावर दमायला लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.