लाकडी नंदी ते लाबूबू : खेळण्यांच्या फेरविक्रीतल्या नफ्याची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भातल्या गावोगावी तान्हा पोळा भरतो आणि वर्षभर देवळीत किंवा माळ्यावर ठेवलेले लाकडी नंदीबैल झूल, बाशिंग, घुंगरं लेऊन मुलांच्या हाती येतात. तोरणाखालून नंदी ओढत न्यायचा आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारी ओवाळणी, घ्यायचा, अशी ही रीत आहे. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये हा सण सुरू केल्याचे सांगितले जाते. मुलांना बैलाचे मोल कळावे, हा त्यामागचा हेतू होता. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव तर मोठमोठ्या नंद्यांच्या तान्ह्या पोळ्यासाठीच ओळखले जाते.

गावच्या सुताराने सागवानात कोरलेला असा एक नंदी तीन-चार पिढ्या सहज टिकतो, आणि हाताळून हाताळून त्याच्या वशिंडाला आलेली झळाळी कुठल्याही नव्या लाकडाला येत नाही. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांना नेमकी हीच झळाळी हवी असते. म्हणूनच जुने-पाने घेणारे लोक खेड्यांतून फिरू लागले. तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर ते नंदीही मागू लागले, आणि ‘जुना द्या, नवा घ्या’ असा सौदा कित्येक घरांना फायद्याचा वाटला, कारण नवा नंदी रंगीत आणि गुळगुळीत असे. आमच्याही घरचा नंदी असाच गेला. त्या व्यवहारात जबरदस्ती नव्हती आणि उघड खोटेही कोणी बोलले नाही. फक्त वस्तूची खरी किंमत दोघांपैकी एकालाच ठाऊक होती. माझ्या मते खेळण्यांच्या फेरविक्रीतला नैतिक प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. किती टक्के नफा झाला, हा हिशेब त्यानंतरचा.

हा प्रश्न वऱ्हाडाला नवीन नाही. कापूस वेचून आणणाऱ्या शेतकऱ्याला मुंबईचा भाव माहीत नसे, अडत्याला असे, आणि त्या अंतरावरच पेढ्या उभ्या राहिल्या. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. त्या कायद्यामागे इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा हाही हेतू होता, हे विसरता येत नाही. तरीही व्यवहार ठरलेल्या जागी, देखरेखीखाली आणि खऱ्या मापाने व्हावा, हे तत्त्व त्यातून आपल्याकडे रुजले. शेतकऱ्याच्या भाषेत दलाल हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण तिथेही राग नफा घेण्यावर नसतो. भाव झाकून ठेवण्यावर असतो.

नंदीच्या बाबतीत खरा भाव सांगणारा असा कुठलाच बाजार नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पण पणजोबांनी नंदी कोणत्या साली घडवून घेतला याचा कागद कोणत्या घरात असणार? कायद्याची पहिली पायरीच वय सिद्ध करण्याची आहे, आणि आपल्याकडे नंदीचे वय आजीच्या आठवणीत असते.

खेळण्यांच्या बाजाराची दुसरी परंपरा कारखान्यातून आली आणि तिथे दोष उलट टोकाला आहे. नंदीच्या सौद्यात विकणारा नाडला जातो, कारखान्याच्या खेळण्यात विकत घेणारा. अमेरिकेत टाय या कंपनीने १९९३ मध्ये बीनी बेबीज ही सुमारे पाच डॉलरची कापडी खेळणी आणली. पुढे एकेका खेळण्याचे उत्पादन ‘निवृत्त’ म्हणून बंद करायला सुरुवात केली. ते पुन्हा मिळणार नाही या भीतीनेच त्याचा भाव चढे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळामुळे हा चढा भाव घरबसल्या वसूल करता येऊ लागला, आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून खोक्यांच्या खोक्यांनी खेळणी साठवणारे पालकही निघाले. १९९९ मध्ये कंपनीने सगळीच खेळणी बंद करण्याची घोषणा केली, मग ती मागे घेतली. त्यानंतर भाव कोसळले आणि साठवणाऱ्यांच्या घरी खोकी तेवढी उरली.

हॉट व्हील्स ही मॅटेल कंपनीची छोटी मोटार १९६८ पासूनची. १९९५ मध्ये तिच्यात ‘ट्रेझर हंट’ नावाची मोजक्या संख्येची मालिका आली आणि साध्या गाड्यांच्या ढिगातून दुर्मीळ गाडी शोधण्याचा छंद जगभर पसरला. आज आपल्या तालुक्याच्या गावातली मुलेही हा छंद करतात. दुकानात माल येताच पेटी फोडून हव्या त्या गाड्या एकाच माणसाने उचलायच्या आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवरच्या गटात दुप्पट-तिप्पट भावाने टाकायच्या, हा प्रकारही त्यांच्यासोबत पोहोचला आहे. आपल्या देशात वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि २०११ च्या वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार विक्रेत्याने त्याहून जास्त घ्यायचे नसते. हौशी मंडळी एकमेकांत करतात त्या व्यवहारापर्यंत मात्र हा नियम सहसा पोहोचत नाही. उत्पादन बंद झालेली गाडी पंधरा वर्षे जपून, तिची माहिती गोळा करून विकणाऱ्याने जास्त पैसे घेतले तर त्यात मला गैर दिसत नाही. त्याने काहीतरी राखले आहे. सकाळी दुकानात असलेली वस्तू संध्याकाळपर्यंत केवळ अडवून ठेवणाऱ्याने काय राखले?

लाबूबू या केसाळ, दातेरी हसणाऱ्या बाहुलीची गोष्ट याच्या पुढची आहे. कासिंग लंग या चित्रकाराने २०१५ मध्ये निर्माण केलेले हे पात्र २०१९ पासून चीनच्या पॉप मार्ट कंपनीकडे आले आणि आत काय आहे ते न दाखवणाऱ्या बंद डब्यांतून विकले जाऊ लागले. इथे दुर्मीळपणा तर कंपनीच ठरवते आणि खरेदी हा जुगारासारखा होतो. चीनने जून २०२३ मध्ये अशा बंद डब्यांच्या विक्रीसाठी नियम केले आणि आठ वर्षांखालील मुलांना ते विकू नयेत असे सांगितले. मे २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांत गिऱ्हाइकांची भांडणे होऊ लागल्यावर कंपनीला तिथली दुकानांतली विक्री थांबवावी लागली. फेरविक्रेत्याला सगळा दोष देताना त्याच्यामागे उभा असलेला हा कारखानदार नजरेआड होतो, आणि तो होऊ नये.

या सर्व व्यवहारांत एक गोष्ट समान आहे. खेळणे ज्याचे असते, त्याला कोणी विचारत नाही. तान्ह्या पोळ्याचा नंदी आजोबा नातवाच्या नावाने आणतात, गावही तो ‘अमक्याच्या पोराचा नंदी’ म्हणूनच ओळखते. विकताना मात्र ती घरातली एक जुनी लाकडी वस्तू ठरते. आमचा नंदी गेला त्या दिवशी मी शाळेत होतो. संध्याकाळी देवळीत नवा बैल होता, आणि त्याच्या चाकांना अजून ओल्या रंगाचा वास येत होता.