ऑनलाइन दाखवणं आणि फोनवरचा फॉलोअप एक नव्हे

आमच्या बेळगावात 'ऑनलाइन दाखवलं' म्हटलं की पहिल्यांदाच दाखवलं का फॉलोअप केला हे कोण विचारतच नाही, दोन्ही एकच धरतात, दवाखानेसुद्धा. केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासून औषध द्यायचे नियम काढले, त्यात मात्र दोन्ही वेगळे आहेत.

डॉक्टरला कधी दाखवलंच नाही, किंवा दाखवून सहा महिने उलटलेत, किंवा दुखणंच नवीन आहे, तर ते पहिलं कन्सल्टेशन. त्यात साध्या फोनवर पॅरासिटामॉल, ओआरएस असलीच औषधं मिळणार, त्यापुढची काही ठरावीक हवी तर व्हिडिओच पाहिजे. फॉलोअप म्हणजे त्याच डॉक्टरला त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत समोर दाखवलेलं. मग चालू गोळ्या परत लिहून देता येतात, बीपी एका गोळीनं आवरत नसेल तर दुसरी जोडता येते, आणि हे साध्या कॉलवर पण चालतं.

हे साध्या कॉलचं दवाखान्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. माझी मावशी कणकुंबीकडं राहते, मलप्रभेचा उगम आहे तिथं, पावसाळ्यात लाईट गेली की नेटवर्कपण जातं. तिला शुगर, बीपी दोन्ही. एका मोठ्या दवाखान्यानं डिस्चार्जच्या वेळी तिच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं, सगळं इंग्रजीत, तीनदा व्हिडिओ मध्येच अडकला, मग तिनं नादच सोडला आणि मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवरच गोळ्या आणत राहिली. तिकडून एक फोन नाही. पेशंट असा सुटतो, आणि दवाखान्याला वाटतं ॲप दिलं म्हणजे झालं.

आता जिथं दाखवते तिथली नर्स दर मंगळवारी फोन करते, मराठीत. "मावशी, उपाशीपोटीची किती आली, वहीत बघून सांगा की." मावशी चष्मा शोधते, आकडे वाचते, जास्त वाटलं तर डॉक्टर दोन मिनिटं लाईनवर येतात. ती तो दवाखाना सोडायचं नावच काढत नाही. नवीन पेशंटसाठी व्हिडिओ ठीक आहे हो, पण आलेला पेशंट टिकतो तो असल्या फोननं.

सहा महिन्यांचं तेवढं सांभाळायला लागतं, तारीख चुकली की पुढचा कॉल परत पहिलं कन्सल्टेशन. म्हणून नर्सनं फाईलवर लाल पेननं समोर यायची तारीख घातलीय, त्याच दिवशी पाय आणि डोळेपण तपासायचेत, ते काय फोनवर होत नाही.