नवीन निवासी इमारतींचे ऊर्जानियम (ठाणे व नवी मुंबई)

निवासी इमारतींचे ऊर्जानियम : नव्या घराच्या भिंती, खिडक्या आणि गच्ची यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालणारे आणि नैसर्गिक वारा व उजेड यांचे किमान प्रमाण ठरवणारे बांधकाम-नियम. भारतात त्यांचा मुख्य आधार ‘इको निवास संहिता’ हा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालय व ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी तिचा पहिला भाग १४ डिसेंबर २०१८ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, जाहीर केला. हा भाग फक्त इमारतीच्या बाह्य आवरणापुरता आहे. सामायिक दिवे, पंप, लिफ्ट, सौरऊर्जा ही यंत्रसामग्री २०२१ च्या दुसऱ्या भागात आली. पुढील विवेचन मुख्यतः आवरणाबद्दल आहे, कारण पंप दहा वर्षांनी बदलता येतो, भिंत बदलता येत नाही.

कक्षा : ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारती आणि मिश्र वापराच्या इमारतींतला निवासी भाग संहितेच्या कक्षेत येतो. घणसोली, दिघा, कोपरखैरणे इथल्या गावठाणांतली बहुतेक घरे त्यामुळे आपोआप बाहेर राहतात. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या निवासी इमारतीही ऊर्जासंहितेच्या कायदेशीर व्याख्येत आल्या. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना आहे. संहिता केंद्राची असली तरी राज्याने अधिसूचित करून स्थानिक बांधकाम नियमावलीत घातल्याशिवाय नकाशा मंजूर करताना तिचा धाक नसतो. ठाणे व नवी मुंबई महापालिकांत डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात हरित मानांकनाला वाढीव चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे क्षेत्र) मिळते. ‘गृह’ (GRIHA) आणि आयजीबीसी या इमारतींना हरित दर्जा देणाऱ्या दोन पद्धती : ‘गृह’च्या तीन ताऱ्यांना किंवा आयजीबीसी रौप्य दर्जाला मूळ चटईक्षेत्राच्या ३ टक्के, चार तारे किंवा सुवर्ण दर्जाला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. कबूल केलेला दर्जा नंतर मिळाला नाही तर तेवढ्या चटईक्षेत्रावर दंड बसतो. विकासकाला ऊर्जेच्या आकडेमोडीकडे वळवायला संहितेच्या कलमांपेक्षा हे ३, ५ आणि ७ जास्त उपयोगी पडतात, हे मान्य करावे लागेल.

ठाणे व नवी मुंबई ‘उष्ण-दमट’ हवामान विभागात मोडतात. या विभागासाठी चार अटी आहेत : उघडणारी खिडकी, आवरणातून येणारी उष्णता (दिशेचा हिशोब तिच्यातच येतो), उजेड आणि गच्ची.

उघडणारी खिडकी : उघडू शकणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या (घराच्या आतल्या वापरायच्या जमिनीच्या) किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश हवे. उष्ण-कोरड्या विभागाला १० टक्के पुरतात. आपल्याकडे घाम वाळायला वारा लागतो म्हणून प्रमाण जास्त. राष्ट्रीय इमारत संहितेतही दमट प्रदेशासाठी एकषष्ठांशच सांगितला आहे, पण तिथे चौकटीसह पूर्ण खिडकी धरतात. इथे प्रत्यक्ष उघडणारा भागच मोजला जातो. झडपेची (बिजागरीवर उघडणारी) खिडकी ९० टक्के उघडी धरतात, दोन तावदानांची सरकती खिडकी ५० टक्के, तीन तावदानांची ६७ टक्के. उघड्या बाल्कनीत उघडणारे दार आणि डक्टमध्ये उघडणारा झरोका हिशोबात येतो. मार्गिकेत उघडणारे दार येत नाही.

इथे एक हमखास घोटाळा होतो. बाजारात ‘थ्री-ट्रॅक’ म्हणून विकली जाणारी खिडकी कागदावर ६७ टक्क्यांची दाखवली जाते. प्रत्यक्षात तिच्या दोन रुळांवर काच आणि तिसऱ्यावर डासांची जाळी असते. काचा दोनच, त्यामुळे उघडते ती निम्मीच.

४५ चौ.मी. कार्पेटचे एक कोपऱ्यातले घर घेऊ. बाल्कनीचे सरकते दार १.८ × २.१ मी., दोन शयनगृहांच्या खिडक्या १.८ × १.२ मी., स्वयंपाकघराची १.२ × १.२ मी. आणि न्हाणीघर-शौचालयाचे ०.६ × ०.६ मी.चे दोन झरोके. झरोके ९० टक्के उघडे आणि बाकी सगळे सरकते धरले तर उघडणारे क्षेत्र भरते ५.४ चौ.मी., म्हणजे १२ टक्के. अट आहे ७.५ चौ.मी.ची. हेच बाल्कनीचे दार सरकते ठेवून तीन खिडक्या झडपेच्या केल्या की क्षेत्र ७.७ चौ.मी., म्हणजे १७.२ टक्के होते. भोके तेवढीच, भिंत तेवढीच, घर पास. सरकत्या खिडक्यांवरच अडून बसायचे तर काच सुमारे चार चौरस मीटरने वाढवावी लागते, आणि त्याची किंमत पुढच्या अटीत मोजावी लागते.

झडपेला विरोध मात्र निराधार नाही. वरच्या मजल्यांवर पावसाळी वाऱ्यात बाहेर उघडणारी झडप आपटते, बिजागरी सैल होते. त्यासाठी घर्षणपट्टीवर चालणारी मोठ्या जाडीची बिजागरी आणि अडसर असलेली कडी लागते. शिवाय आपल्याकडे ताबा मिळाल्यावर पहिले काम लोखंडी ग्रील बसवण्याचे. ग्रील कुठे येणार हे आधी ठरवले नाही तर झडप ग्रीलवर आदळते, आणि रहिवासी ती कायमची बंद ठेवतो. ग्रील झडपेच्या आतल्या बाजूला, कडीपर्यंत हात जाईल एवढी फट ठेवून, हा त्यातल्या त्यात निभणारा मार्ग.

आवरणातून येणारी उष्णता : गच्ची सोडून उरलेल्या आवरणातून, थंडाव्याची गरज असलेल्या काळात, दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत येते याला आरईटीव्ही म्हणतात. मर्यादा १५ वॅट प्रति चौ.मी. त्यात तीन भाग मिळवतात : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट आत पडणारे ऊन. उष्ण-दमट विभागासाठी त्यांचे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. पहिल्या दोहोंत क्षेत्राच्या वाट्याला यू-मूल्याने, म्हणजे भिंत किंवा काच किती सहज उष्णता जाऊ देते त्या आकड्याने, गुणायचे, तिसऱ्यात काचेच्या वाट्याला एसएचजीसीने, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी आत येणाऱ्या अंशाने. मग प्रत्येक बाजूला दिशेचा गुणक लावायचा.

वरच्या घराची बाहेरची भिंत खिडक्यांसह ५१ चौ.मी. धरू, म्हणजे काच साधारण २० टक्के. साधी पारदर्शक काच (यू-मूल्य ५.८), लहानशा छज्ज्यासह एसएचजीसी ०.७ आणि दिशेचा गुणक १. भिंत मायवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियम साच्यात ओतलेली १५० मिमी काँक्रीटची असेल तर यू-मूल्य ३.५ च्या आसपास येते. बेरीज : भिंत १४.४, काचेची झिरप १.५, ऊन ९.१, एकूण २५. नुसती भिंतच जवळजवळ सगळी मर्यादा खाऊन टाकते. त्या जागी २०० मिमी एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, गवंड्यांच्या भाषेत सिपोरेक्स) दोन्हीकडून गिलावा करून लावले तर यू-मूल्य ०.७७ होते, भिंतीचा वाटा ३.२ वर येतो आणि एकूण १३.८. आता त्याच एएसी घरात सरकत्या खिडक्यांचा हट्ट धरून काच २८ टक्क्यांवर नेली की बेरीज १७.८ होते आणि घर पुन्हा नापास. दोन अटींची खरी गाठ सरकत्या खिडकीपाशी पडते ती अशी.

दुहेरी काचेची जाहिरात इथे हिशोबाने पडताळावी. २० टक्के काचेच्या घरात यू-मूल्य ५.८ वरून २.८ वर आणले तर तेवढ्यापुरता फायदा ०.८ वॅटचा. छज्जा खोल करून एसएचजीसी ०.७ वरून ०.४५ वर आणला तर फायदा ३.३ वॅटचा, आणि छज्ज्याला काचेएवढा खर्च येत नाही. दुहेरी काच घोडबंदर रस्त्यावर आवाज अडवायला घ्यावी, उन्हासाठी सावली.

मायवान इमारतींचे काय, हा प्रश्न ठाण्यात टाळता येत नाही, कारण घोडबंदर पट्ट्यातले पुष्कळ नवे टॉवर याच पद्धतीने उभे राहतात : ठरलेल्या दिवसांत मजला चढतो, गिलावा वाचतो. अशा भिंतीला बाहेरून २५ मिमी एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोम लावला तर यू-मूल्य ०.९ पर्यंत उतरते. पण जाळी आणि पातळ लेपाचे काम सैल झाले तर चार महिन्यांच्या पावसात पाणी फोमच्या मागे शिरते. आतून फोम लावला तर स्लॅबच्या कडा उघड्या राहतात, तिथून उष्णता येतच राहते आणि पडदे टांगायला खिळा धरत नाही. बरा उपाय म्हणजे भार न घेणाऱ्या बाहेरच्या भिंती साच्यातून वगळून एएसीत बांधणे. तो साचा मागवण्याआधी ठरावा लागतो. नंतर सुचला तर उपयोग नाही.

दिशा : कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील भागासाठी उत्तरेचा गुणक ०.६५९, दक्षिणेचा ०.९६६, पश्चिमेचा १.१५६. ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेची भिंतही कोरी सुटत नाही. १३.८ चे तेच घर पूर्ण उत्तराभिमुख कल्पिले तर ९.१, पश्चिमाभिमुख कल्पिले तर १६. आणि विक्रीचा नजारा बहुतेक पश्चिमेलाच : घोडबंदर रस्त्यावरून येऊरचे डोंगर, पाम बीच रस्त्यावरून खाडी. मोसमी वाराही त्याच अंगाने येतो. म्हणून पश्चिमेला भोक मोठे असायला हरकत नाही, काच मोठी नसावी. आडवा छज्जा तिरप्या उन्हाला तिथे फारसा अडवत नाही. उभे पंख, जाळी किंवा खोल बाल्कनी अडवते. संहितेत हिशोब संपूर्ण इमारतीचा होतो, त्यामुळे उत्तरेकडची घरे पश्चिमेकडच्यांना सरासरीत तारून नेतात. पश्चिमेचे घर घेणाऱ्याने इमारतीचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

उजेड : काचेचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत यायला हवा. एसएचजीसी खाली आणण्यासाठी गडद काच बसवण्याची पळवाट यामुळे बंद होते.

गच्ची : यू-मूल्य जास्तीत जास्त १.२. नुसता १५० मिमी स्लॅब ३.३ च्या आसपास असतो आणि त्यावर १०० मिमी वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला तरी २ च्या वर राहतो. कोब्याखाली २५ मिमी एक्सपीएस घातला की आकडा १ च्या खाली येतो. क्रम असा : स्लॅब, जलरोधक थर, एक्सपीएस, विभाजक कापड, उताराचा कोबा, वर पांढरी टाइल. जलरोधक थराची पाणी भरून चाचणी एक्सपीएस टाकण्याआधी घ्यावी. नंतर गळती निघाली तर सगळे उखडावे लागते. गळतीवर उपाय म्हणून सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. तिने सावली मिळते हे खरे, पण सौर पॅनेलची जागा आणि मूळ मंजुरी या दोन्हींचा प्रश्न उभा राहतो.

कामावरच्या चुका : एएसी ब्लॉक पावसात उघड्यावर रचले की पाणी पितात, आणि ओला ब्लॉक कोरड्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतो, वाळताना आकसून गिलाव्याला तडे देतो ते वेगळेच. सांधा २ ते ३ मिमीच्या पातळ गोंदाचा हवा. नेहमीचा १०-१२ मिमीचा सिमेंट सांधा धरला तर प्रत्येक सांधा उष्णतेला वाट देतो. स्तंभ-तुळई आणि ब्लॉक यांच्या जोडावर जाळी न लावल्यास तिथेच उभा तडा जातो. काचेच्या बाबतीत कागदावरची आणि बसवलेली काच एकच आहे का ते पाहावे : एसएचजीसी व प्रकाशवहन लिहिलेले उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि गाडीसोबतचे चलन यांत काचेचा सांकेतिक क्रमांक जुळला पाहिजे. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळातली पाणी निघायची छिद्रे गिलाव्याच्या शिंतोड्यांनी बुजतात. पहिल्याच जुलैत पाणी आत उतरते आणि मग ती खिडकी सिलिकॉनने कायमची बंद केली जाते.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर सर्वांत जास्त बिघडते ती बाल्कनी. ती सरकत्या काचांनी बंद केली की आतले दार उघड्या हवेत उघडणारे राहत नाही, आणि वरच्या उदाहरणातले १.८९ चौ.मी. हिशोबातून जातात : १७.२ टक्क्यांचे घर १३ टक्क्यांवर येते.