बोटाएवढा लाल भोपळा

उष्टावणाला मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवली, फोटो निघाले, आणि लेकीने तोंड वाकडं करून अर्धी खीर जिभेने बाहेर ढकलली. खरा घोळ दुसऱ्या दिवसापासून, कारण आता रोज द्यायचं काय? सासूबाईंकडे उत्तर तयार होतं, वरणाचं पाणी आणि मऊ भात. माझ्या फोनवर मात्र जिकडेतिकडे सहा महिन्यांची पोरं ब्रोकोलीचा तुरा मुठीत धरून चघळत बसलेली. परळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी पहिल्यांदा गाजर उकडायला घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, दात नाहीत तिला, आणि तू काय गाजर देतेस हातात?"

प्रश्न एकदम रास्त होता, म्हणून मी शोधायला बसले.

तर दातांचं असं की पुढचे दात चावायचे नसतातच, ते तोडायचे. चावायच्या दाढा येतात वर्षानंतर, म्हणजे दोन दात आलेलं बाळ आणि बोळकं बाळ, दोघंही अन्न चिरडतात हिरड्यांनीच. आणि हिरड्या भलत्याच टणक असतात, विश्वास नसेल तर आपलं बोट घालून बघा एकदा. खरी अडचण जिभेची. जन्मापासून बाळाला एक सवय असते, ओठांवर काही टेकलं की जीभ पुढे येऊन ते बाहेर ढकलते. ही सवय चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान सुटते. आमच्या खिरीचा बळी तिनेच घेतला, चव आवडली नाही वगैरे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचं अन्न सुरू करा म्हणते, आणि हातात खायला द्यायचं असेल तर मान पक्की धरलेली हवी आणि आधाराने का होईना पण ताठ बसता यायला हवं. बाउन्सरमध्ये, म्हणजे बाळांच्या डुलत्या खुर्चीत, अर्धवट आडव्या पडलेल्या बाळाच्या हातात काही द्यायचं नाही म्हणजे नाही.

आता आकार. यात सगळेजण उलटं करतात, मीपण केलं. वाटतं की बाळ छोटं तर तुकडे छोटे. पण सहा महिन्यांच्या बाळाला चिमूट जमत नाही, त्याचा अख्खा पंजा मिटतो, आणि मुठीच्या आत जे गेलं ते त्याला नंतर बाहेर काढता येत नाही, मूठ उघडायचं डोकं अजून आलेलं नसतं. म्हणून फोड आपल्या मधल्या बोटाएवढी लांब आणि साधारण तेवढीच जाड हवी, म्हणजे अर्धी मुठीत आणि अर्धी वर. लेकीने पहिल्या दिवशी लाल भोपळ्याची फोड अशी काही आवळली की ती बोटांच्या फटींतून शेवयांसारखी बाहेर आली आणि मग तिने स्वतःचीच मूठ चोखली, तरी पण ते जेवणच झालं. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमायला लागते, तेव्हा वाटाण्याएवढे मऊ तुकडे द्यायचे. म्हणजे आधी मोठे, मग छोटे.

मऊपणा हा मात्र खरा केमिस्ट्रीचा मामला आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या पेक्टिनने, तोच जो जॅम घट्ट करतो. उष्णतेने पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, पेशी सुट्या होतात आणि गाजर मऊ पडतं. यात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे आंबट. चिंच-टोमॅटो घातलेल्या पाण्यात भाजी लवकर शिजत नाही हे आपल्या आज्या सांगायच्याच, ते खरंच आहे, आम्लात पेक्टिन लवकर तुटत नाही, म्हणून लिंबू पिळायचंच तर शिजल्यावर. दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. गाजर साधारण ६० डिग्रीच्या गरम पाण्यात अर्धा तास राहिलं तर त्यातलं एक एन्झाइम जागं होतं, पेक्टिन कॅल्शियमला धरून आणखी घट्ट बसतं, आणि मग ते गाजर नंतर उकळलं तरी बरंच कडक राहतं. लोणचं-कॅनवाल्यांना हेच हवं असतं, आपल्याला नको असतं. म्हणून मंद गॅसवर गार पाण्यातून हळूहळू तापवत बसू नका, आधी पाणी खळखळ उकळू द्या, मग भाजी.

भांडं म्हणाल तर घरातलं मोदकपात्र बेस्ट. वर्षातून एकदा गणपतीत बाहेर येतं, त्याला बिचाऱ्याला काम मिळालं. वाफेवर क जीवनसत्त्व पाण्यात फारसं निथळून जात नाही, उकडलं तर बरंच जातं (उकडलंच तर ते पाणी कणकेत घाला). गाजराला पंधरावीस मिनिटं, भोपळ्याला निम्मी, रताळं सालीसकट. वेळेवर फार विसंबू नका, टेस्ट करा, फोड अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबायचं, बिनजोर चेपली पाहिजे. नाहीतर स्वतःच्या तोंडात घालून दात न लावता जीभ आणि टाळू यांच्यात दाबा, विरघळली तर पास. उलट्या बाजूने अति पण नको, दुधी इतका गळतो की हातात येईपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं. फोड बुळबुळीत होऊन निसटत असेल तर भाजलेल्या नाचणीच्या पिठात जरा घोळवायची, नाहीतर नागमोडी सुरीने कापायची.

आता ज्या भीतीने सगळे अडतात ते, घशात अडकलं तर?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत इथे. बाळाला उबळ येणं, म्हणजे ओकारी आल्यासारखं करणं, डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, आवाज. ही उबळ जिथून सुरू होते ती जागा मोठ्यांमध्ये जिभेच्या मुळाशी असते, सहा महिन्यांच्या बाळात ती बरीच पुढे असते, म्हणून घास घशापासून लांब असतानाच अलार्म वाजतो. तो शरीराचा बंदोबस्त आहे. वय वाढतं तशी ती जागा मागे सरकते. खरं गुदमरणं याच्या उलट, शांत असतं. आवाज नाही, रडू नाही, खोकला नाही, ओठ निळसर. आम्ही पहिल्यांदा लेकीला उबळ आली तेव्हा तिघंही एकदम उठलो, सासूबाई तर तोंडात बोट घालायलाच निघाल्या, आणि तेवढ्यात तिने तुकडा पुढे ढकलला आणि परत चघळायला लागली. बोट घालू नका, तुकडा आत जातो.

न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या घरांना बाळाला हाताने खाऊ द्यायची पद्धत सेफ्टीच्या नियमांसकट शिकवली, अर्ध्यांना नेहमीसारखं राहू दिलं. गुदमरण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. हाताने खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उबळ जास्त आली पण आठव्या महिन्यात कमी, म्हणजे सराव होतो. पण त्यातच हेही निघालं की सातव्या महिन्यात दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त बाळांना धोक्याचे पदार्थ दिले जात होते. म्हणजे पद्धतीपेक्षा पदार्थाकडे बघा. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, अख्खं द्राक्ष, शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खे मटार, हे अजिबात नाही. बाळाची श्वासनलिका आपल्या करंगळीपेक्षाही बारीक असते आणि गोल टणक दाणा तिथे बुचासारखा बसतो. खाताना कोणीतरी समोर बसलेलंच हवं, मोबाइल खाली. आणि खरंच अडकलं तर बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, परत थापा, आणि कोणीतरी १०८ लावायचं. हे वाचून येत नाही, एकदा कोणाकडून तरी बाहुलीवर शिकून घ्या, मी शिकले.

आता माझं मत, जे फोनवरच्या सुंदर प्लेट्समध्ये कुठेच दिसत नाही. नुसत्या भाजीने बाळाचं पोट भरत नाही. हिशोब करून बघा. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी हव्या असतात. पोट केवढं, तर किलोमागे ३० मिली, म्हणजे सात किलोच्या बाळाचं एका कपाएवढं. १०० ग्रॅम लाल भोपळ्यात कॅलरी पंचवीसेक. २०० करायला पाऊण किलो भोपळा लागेल! वरणाचं पाणी त्याहून वाईट, ते तर पाणीच, डाळ तळाशी बसलेली असते आणि ती आपण खातो. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग घट्ट वरणच देऊया की." झालं काम. भोपळ्याच्या फोडीवर छोटा चमचाभर तूप सोडलं की ४५ कॅलरी वाढतात आणि वर भोपळा-गाजरातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं) अंगाला लागतं, कारण ते स्निग्धातच विरघळतं. तीच गाजरं कच्ची असताना हे कॅरोटीन पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं, शिजवल्याने ते सुटतं.

दुसरी खोट लोहाची. बाळ पोटात असताना शेवटच्या तिमाहीत लोहाचा साठा करून येतं, तो साधारण सहा महिने पुरतो, आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. गाजर-भोपळा इथे काही करत नाही, पालकातलं लोह त्यातल्याच ऑक्झलेट वगैरेमुळे नीट शोषलं जात नाही. म्हणून मी मुगाच्या डाळीचं जाडसर मऊ धिरडं करते, त्यात लाल माठ किंवा किसलेला दुधी, पट्ट्या कापायच्या, वर दोन थेंब लिंबू. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. अंडं-मटण खाणाऱ्यांच्या घरी अंडं आणि मऊ शिजवलेला खिमा, खिम्यातलं लोह शोषायला सगळ्यात सोपं. मीठ-साखर नाही, वर्षाच्या आत मध तर थेंबभरही नाही, त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू असू शकतात. चाटणवाल्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा.

चवीबद्दल. गोडाची ओढ जन्मजात, कडूचा नकार पण जन्मजात, म्हणून रताळं पहिल्या फटक्यात आणि फरसबी थुंकली जाते. रताळ्याची पण गंमत, दादर स्टेशनबाहेर मी दर आठवड्याला घ्यायला लागले तर भाजीवाली मावशी विचारते, "आज कसला उपास गं?" नावडती भाजी आठ-दहा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्यांदा थुंकली की "हिला नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे होतो. अमेरिकेत २००१ च्या एका प्रयोगात ज्या आया गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायल्या त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव जास्त सहज घेतली, म्हणजे सराव पोटातच सुरू होतो. आणि १९२६ मध्ये क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी नुकतं दूध सुटलेल्या मुलांसमोर तीसेक साधे पदार्थ मांडून काय खायचं ते त्यांच्यावरच सोडलं, मुलं छान वाढली, पण मांडलेल्यात साखर-मैदा नव्हताच, ही खरी मेख.

साठवण्याबद्दल एकच, पालक आणि बीट शिजवून ठेवू नका. दोन्हींत नायट्रेट जास्त, शिजवलेलं राहिलं की बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतं. जुलैमधली मुंबईची दमट हवा असेल तर कुठलीच उकडलेली भाजी ओट्यावर तासाभराच्या वर नको.

दीड महिन्याने सासूबाई लेकीला उन्हात घेऊन बसल्या होत्या आणि एकदम ओरडल्या, "अगं हिला कावीळ झाली!" तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा, सगळं पिवळं. मी आधी डोळे बघितले, बुबुळांभोवतीचं पांढरं स्वच्छ पांढरं होतं. कावीळ असती तर तेही पिवळं झालं असतं. हे भोपळ्या-गाजराचं कॅरोटीन, जास्त झालं की कातडीत साठतं, त्याने अपाय होत नाही, शरीर लागेल तेवढंच त्याचं अ जीवनसत्त्व करतं. तरी डॉक्टरांना दाखवलं, ते हसले आणि म्हणाले भाज्या बदला. म्हणून मी बीट आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोट बदलताना सासूबाईंची दुसरी किंकाळी आली, आणि या वेळी मी पोळी लाटता लाटताच ओरडले, "आई, बीट आहे ते!"