लॉक्स

संशोधनपत्रिकांच्या डिजिटल प्रती अनेक ग्रंथालयांत विखरून ठेवून त्या दीर्घकाळ टिकवण्याची पद्धत. ‘लॉट्स ऑफ कॉपीज कीप स्टफ सेफ’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. व्हिक्टोरिया राइख आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची सुरुवात केली. छापील अंकाला एका ग्रंथालयात वाळवी लागली, तरी तो दुसरीकडे मिळत असे. वर्गणी ऑनलाइन झाली आणि ग्रंथालयाकडे प्रत न राहता फक्त वाचनाची परवानगी उरली.

प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर परवानगीचे ठरावीक वाक्य ठेवतो. ते सापडले तरच ग्रंथालयातला संगणक मजकूर उतरवून घेतो. मग हे संगणक आपसात मतदान घेतात. प्रत्येक जण दर वेळी नवा आकडा प्रतीत मिसळून तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ठशासारखी खूण, काढतो. आकडा नवा असल्यामुळे जुने उत्तर पुढे करता येत नाही, प्रत खरोखर वाचावीच लागते. बहुमताशी न जुळणारी प्रत मूळ संकेतस्थळावरून किंवा दुसऱ्या ग्रंथालयाकडून दुरुस्त होते. साध्या बॅकअपमध्ये ही पडताळणी नसते. बिघडलेली फाइल निमूटपणे चांगल्या प्रतीची जागा घेते.

याच तंत्रावरच्या ‘क्लॉक्स’ या संग्रहाची केंद्रे जगभर १२ आहेत. तिथला साठा एरवी बंद असतो. पत्रिका कोणत्याही प्रकाशकाकडे मिळेनाशी झाली की तो सर्वांना खुला होतो. २००८ मध्ये ‘ग्राफ्ट’ ही पत्रिका अशी खुली झाली.

ओजेएस या पत्रिका चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरील छोट्या पत्रिकांसाठी, अंक लॉक्सच्या जाळ्यात पाठवणारे ‘पीकेपी पीएन’ हे प्लगइन मोफत आहे. आयएसएसएन (पत्रिकेचा ओळख क्रमांक) भरावा, अटी मान्य कराव्यात, निदान एक अंक प्रकाशित असावा. पुढे अटी बदलल्या आणि त्यांना पुन्हा मान्यता दिली नाही, तर अंक जाणे थांबते. संपादक बदललेला असला की हे हमखास नजरेतून सुटते. लेखाची पीडीएफ ओजेएसवर न चढवता नुसता ड्राइव्हचा दुवा दिला असेल, तर जतन होतो तो दुवाच, लेख नव्हे. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, हाही निव्वळ पत्ता आहे. त्यामागे प्रत जपलेली असेलच असे नाही.

मराठी अंकांची अडचण निराळी. युनिकोडपूर्व फाँटमधली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण ओळ कॉपी केली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. फाँट फाइलमध्ये अंतर्भूत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर पानही वाचता येत नाही. मतदानात अशा साऱ्या प्रती बरोबरच ठरतात, कारण तपासले जातात बाइट, अर्थ नव्हे. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासून, पीडीएफ/ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या स्वरूपात द्यावा.

आपली पत्रिका खरोखर जपली जाते का, हे ‘कीपर्स रजिस्ट्री’ या जतन होणाऱ्या पत्रिकांच्या नोंदवहीत आयएसएसएन टाकून पाहता येते. तिथे नाव दिसले म्हणून थांबू नये, खंड क्रमांकही पाहावेत. मधलेच एखादे वर्ष गळालेले असू शकते.